सर, ती ओळ माझी होती

सर, कावळा लगेच शिवला.

परवा तुमच्या दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवून अजून सगळे मागे सरकलेही नव्हते, तेवढ्यात एक कावळा उतरला आणि थेट भातावर बसला. लोक म्हणाले, सरांचं काही मागं राहिलं नाही, समाधानानं गेले. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र तुमचा राग आला. खरंच सांगते, राग. काहीच राहिलं नव्हतं? माझ्याकडे काहीच बाकी नव्हतं तुमचं? मी आपली वाट बघत होते, की कावळा अडेल, घरचे एकेक करून हात जोडतील, 'हे करू, ते करू' म्हणतील, तरी तो शिवणार नाही, आणि मग मला पुढं व्हावंच लागेल. तेवढीही वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत. ही तुमची जुनीच खोड. समोरच्याची अडचण व्हायच्या आत आपणच बाजूला व्हायचं.

मग मंडपात भाषणं झाली. आपल्याकडे दहाव्याला भाषणं झाल्याशिवाय माणूस गेल्यासारखा वाटत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. सोसायटीचे, शाळेचे, कुठले कुठले लोक बोलले. निम्म्यांना तुमचा धंदा नेमका काय, हे माहीत नव्हतं. एकानं तुम्हाला 'संगणक क्षेत्रातले महर्षी' करून टाकलं. तुम्ही असता तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला असता, "मनीषा, महर्षींचा प्रिंटर कालपासून कागद ओढत नाहीये." मला हसू आलं आणि शेजारच्या बाईंना वाटलं, हुंदका आहे.

शेवटी शेवगावच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम उभ्या राहिल्या. मनापासून बोलल्या. तुम्ही त्यांची लॅब कशी उभी करून दिलीत, लाईट गेली तर फोनवरून कसं सांगायचात, सगळं. आणि मग म्हणाल्या, "सरांचा एकच हट्ट होता. जगात जे तयार मिळतं ते वापरायचं नाही, स्वतःचंच लिहायचं. त्या हट्टापायी एकदा फार मोठी चूक झाली. पण सरांनी ती मोकळ्या मनानं कबूल केली. असा माणूस होणे नाही." लोकांनी माना हलवल्या.

मीही हलवली, सर.

बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून चार शब्द बोलायचे होते, फक्त चार. उठले नाही. कारण ती चूक झाली तेव्हा तुम्ही लिहिलेलं कोड तिथं नव्हतंच. मी ते काढून टाकलं होतं आणि त्याच्या जागी तयार मिळणारं फंक्शन बसवलं होतं. एक ओळ. ती ओळ माझी होती. तुम्हाला ते माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर एकट्या मला माहीत होतं, आणि तुमच्या नावाला ती चूक चिकटून बसली होती. ती तशीच राहू द्यायची की नाही, हे मला ठरवायचं होतं. तुम्ही असता तर ठरवू दिलं नसतं.

आपलं काम काही आकाशातलं नव्हतं. नगरला जिन्याखालच्या त्या ऑफिसात बसून जिल्ह्यातल्या लहान लहान लॅबना सॉफ्टवेअर करून द्यायचं. रक्त तपासलं, आकडे भरले, रिपोर्ट छापला, पाकिटात घालून पाकीट बंद केलं, वर नावाची चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीवर मोठ्या टायपात जेमतेम सोळा अक्षरं मावायची. आणि आपल्याकडची नावं कशी! भाऊसाहेब, अण्णासाहेब, ज्ञानेश्वर, पुढं बापाचं नाव, पुढं आडनाव, आणि त्याच्याही पुढं वस्ती किंवा मळा. ते सोळा अक्षरांत बसवायचं म्हणजे काहीतरी कमी करणं आलं.

कमी करायचं काम जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारलं तर तो म्हणेल, त्यात काय, तयार फंक्शन आहे. त्याला सांगायचं, पहिली सोळा ठेव, बाकीची सोड. तुम्ही त्यासाठी दोनशे चौदा ओळी लिहिल्या होत्या. फंक्शनला नाव दिलं होतं 'घडी'. "कापणं वेगळं आणि घडी घालणं वेगळं," हे तुमचं ठरलेलं वाक्य. "लुगडं पेटीत मावत नाही म्हणून कुणी पदर कापतं का?"

ही घडी तुमच्या वडिलांची, हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते पोस्टमन. सायकलवर पंधरा-वीस वाड्यावस्त्या. एकेका गावात निम्म्या घरांचं आडनाव एक, नावं त्याच त्या चार देवांची, आणि एकाच नावाच्या दोघांच्या बापांचं नावही एक. मग मनिऑर्डर कुणाची, हे ओळखायचं कशावरून? तर पत्त्याच्या शेवटी जो मळा लिहिलेला असतो त्यावरून. "पत्त्याचं शेपूट तोडू नको पोरा, मानूस शेपटात ऱ्हातो," असं ते म्हणायचे. म्हणून तुमची घडी मधून पडायची. आधी बापाच्या नावाचं एक अक्षर व्हायचं, मग आडनाव जायचं, पहिलं नाव आणि शेवटचा मळा शाबूत. बाई असेल तर नवऱ्याचं नाव आधी आखडायचं आणि बाईचं कध्धीच नाही. "एवढं तरी माझ्या राज्यात होऊ दे," तुम्ही म्हणायचात, आणि काकूंचा डबा उघडून पहिली भाकरी मला द्यायचात.

मी तुमच्या क्लासातली, पाथर्डीहून आलेली, माउस धरताना हात घामेजणारी मुलगी. तुम्ही मला शिकवलंत, नोकरी दिलीत, मग पुण्याला जा म्हणून मागे लागलात, आणि दोन वर्षांनी मी तिथून कंटाळून परत आले तेव्हा खुर्ची पुसून ठेवलीत. पण पुण्याहून मी रिकाम्या डोक्यानं आले नव्हते. तिथं एक गोष्ट पक्की झाली होती: जे तयार आहे ते पुन्हा लिहायचं नाही. तयार फंक्शन हजारो लोकांनी वापरून घासलेलं असतं, आपलं घरगुती कोड फक्त आपण पाहिलेलं असतं. आल्या आल्या मी तुमच्या घडीवर घसरले.

किती भांडलो आपण त्यावरून! नवीन गाव आलं की तुम्ही तिथल्या कुणाला तरी फोन लावून मळ्यांची नावं विचारायचात आणि यादीत हातानं भरायचात. मी डोक्याला हात लावायचे. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा तुम्ही दोन दिवस त्या घडीत काहीतरी बदलत बसला होतात. मी म्हटलं, "सर, तुम्ही गेल्यावर हे कोण सांभाळणार?" तेव्हा बोलायला काही वाटलं नाही. तुम्ही म्हणालात, "तू." मी म्हटलं, "मी पहिल्या दिवशी उडवून टाकेन." तुम्ही खो खो हसलात.

तुमची एक गोष्ट मात्र खरी होती, ती तेव्हाच मान्य केली होती. जुनी तयार फंक्शनं मराठीला न्याय द्यायची नाहीत. बाबासाहेब हे नाव आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचं, पण त्यांच्या हिशेबात काना वेगळा, मात्रा वेगळी, म्हणून नऊ. भलत्याच ठिकाणी कापायची आणि मात्रा तोडायची. पण पुढं नवीन फंक्शन आलं, ते मात्रा, जोडाक्षर सगळं धरून एक अक्षर मोजायचं. मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "छान आहे. पण त्याला मळा कुठं माहीत आहे?" मला वाटलं, म्हातारा हरला तरी कबूल करत नाही.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाभर सुटीवर गेलात. त्या आठवड्यात मी ते केलं. दोनशे चौदा ओळी बाजूला काढल्या, एक ओळ घातली. नीट तपासलंही. पन्नास नावांची यादी घेतली, एकाही नावाची मात्रा तुटली नाही. ती पन्नास नावं माझ्या पुण्याच्या ऑफिसातली होती. त्यात एकसारखी दोन नव्हती आणि मळा कुणाच्याच नावापुढं नव्हता. हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी मनात ठरवलं होतं, सहा महिने काही बोलायचं नाही. सरांना कळणारच नाही. मग एक दिवस पेढे आणायचे आणि सांगायचं, सर, सहा महिने तुमच्या घडीशिवाय चाललंय, हरलात. पेढे कुठल्या दुकानातून आणायचे हेही ठरलेलं होतं.

चार महिने सुरळीत गेले. मग शेवगावच्या लॅबनं तालुक्यातल्या एका गावात तपासणी शिबिर घेतलं. गावात आडनाव एकच, आणि भाऊसाहेब दगडू असे दोन. एक बोरमळ्याचे, एक खालच्या वस्तीचे. रिपोर्टची पाकिटं गावातल्या आशाताईंकडे वाटायला गेली. तुमच्या घडीनं एकावर 'भाऊसाहेब द. बोरमळा' आणि दुसऱ्यावर 'भाऊसाहेब द. खालची वस्ती' असं छापलं असतं. माझ्या ओळीनं दोन्ही पाकिटांवर नाव, बापाचं नाव, आडनाव छापलं, सोळा भरली आणि ती थांबली. मळा तिच्या लेखी उरलेला कचरा होता. एकही मात्रा तुटली नव्हती. आशाताईंनी एक पाकीट एका भाऊसाहेबांना दिलं आणि दुसरं दुसऱ्यांना. आतल्या कागदावर नंबर होता, वय होतं, पण ते कोण बघतं? सगळ्यांचे डोळे आधी ठळक आकड्यावर जातात.

बोरमळ्याच्या भाऊसाहेबांना कळलं की आपल्या किडन्या संपत आल्या आहेत. तीन आठवडे त्यांनी धड अन्न खाल्लं नाही, मग नगरला जाऊन पुन्हा तपासलं तर ठणठणीत. ते लॅबला चार शिव्या देऊन मोकळे झाले. त्यांचा वाईट रिपोर्ट खरा कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. खालच्या वस्तीच्या भाऊसाहेबांच्या हातात 'सर्व काही ठीक' होतं. ते गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या खात राहिले, त्याच गोळ्या किडनीला वाईट. पाय सुजले तरी म्हणाले, आत्ताच तर तपासलंय. अडीच महिन्यांनी ते गोठ्यात कोसळले. आता त्यांना आठवड्यातून दोनदा नगरला आणून मशीनवर रक्त धुवावं लागतं. आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का किडन्या? मी तीन डॉक्टरांना विचारलं, ओळखीचे आहेत असं सांगून. तिघंही म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' घेऊन मी आठ महिने जगते आहे.

पाकिटांची अदलाबदल उघडकीला येऊन डॉक्टर मॅडमचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. तुम्ही फोन कानाला धरूनच ते कोड उघडलंत. मी शेजारी उभी होते. पडद्यावर जिथं तुमच्या दोनशे चौदा ओळी असायला हव्या होत्या तिथं माझी एक ओळ होती. तुम्ही ती ओळ वाचलीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत. फोनमध्ये म्हणालात, "हो मॅडम. नाव लहान करणारं फंक्शन माझंच आहे. माझी नजरचूक. मी येतो." पलीकडून त्या काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. तुम्ही नुसतं "बरोबर आहे" म्हणत होतात.

फोन ठेवून तुम्ही मला म्हणालात, "मात्रा नाही तुटली गं एकही. ते तुझं बरोबर होतं."

मग म्हणालात, "जेवून घे."

सर, तुम्ही मला ओरडला असतात तर! तुम्ही शाळेच्या मास्तरांसारखे ओरडायचात, कारकुनाच्या हातून कागद उलटा लागला तरी. त्या दिवशी आवाज चढला नाही. दुपारभर बसून घडी परत बसवलीत आणि संध्याकाळच्या गाडीनं शेवगावला गेलात. मला बरोबर ये म्हणाला नाहीत. मीही येते म्हणाले नाही. हे दुसरं वाक्य लिहायला मला आत्ता फार वेळ लागला.

पुढं ही गोष्ट जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबमध्ये पसरली. श्रीगोंद्याच्या एका लॅबमध्ये मी दुरुस्तीला गेले होते, तिथले साहेब माझ्यासमोर म्हणाले, "तुमच्या सरांना सांगा, तयार फंक्शन असताना घरी कुटाणे कशाला करायचे?" मी म्हटलं, "सांगते." एवढंच. तयार फंक्शनमुळे झालेली चूक लोक तुमच्या घरगुती कोडच्या नावानं सांगत होते आणि मी 'सांगते' म्हणत होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या कानावर आलंच असणार.

आता एक भांडण उरलंय, ते करून घेते. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही म्हणून जरा सोपं जाईल.

दोष माझा आहे, पण तुमचाही आहे. मळा म्हणजे माणसाची ओळख, हे त्या दोनशे चौदा ओळींत कुठं लिहिलं होतं? एका ओळीत तरी? ते तुमच्या डोक्यात होतं, तुमच्या वडिलांच्या सायकलवर होतं. मी विचारलं की तुम्ही गोष्ट सांगायचात, लुगड्याचा दाखला द्यायचात आणि हसायचात. "हे काढलंस तर दोन माणसांची अदलाबदल होईल," असं एकदा सरळ बोलला असतात तर माझा हात धजला नसता. तुम्हाला वाटायचं, पोर आपल्याच भागातली, हिला माहीत असेल. मला माहीत होतं हो. आमच्या पाथर्डीच्या घरावरही मळ्याच्याच नावानं पत्र यायचं. पुण्याला जाऊन मी ते विसरून आले होते, आणि मला ते विसरल्याचा अभिमान होता.

आणि चूक स्वतःवर घेतलीत, ती मला न विचारता. लोक याला मोठेपणा म्हणतात. तुम्ही मला वाचवलंत, हे खरं. त्या वेळी माझं नाव बाहेर आलं असतं तर या धंद्यात मला कुणी उभं केलं नसतं, हेही खरं. मी कृतज्ञ आहे, आणि तरी म्हणते की तुम्ही माझं काहीतरी काढून घेतलंत. पहिल्या दिवशी खरं बोलणं सोपं असतं, म्हणजे अवघड असतं पण होतं. नंतर दर दिवशी ते जड होत जातं. मी रोज ठरवायचे, आज सरांना म्हणेन, चला, दोघं जाऊन सांगू. रोज तुम्ही विचारायचात, "जेवलीस का?" आणि मी "हो" म्हणून कामाला लागायचे. असे आठ महिने. मग एका सकाळी काकूंचा फोन आला.

दहाव्याहून परतल्यावर मी डॉक्टर मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, ओळीसकट. त्या म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग मनीषा? सर तर गेले." मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही पाचशे लोकांत त्यांचं नाव घेतलंत." त्या म्हणाल्या, "मी कुठं वाईट बोलले?" खरंच, वाईट नव्हत्याच बोलल्या. मी त्यांना म्हटलं, जिथं जिथं हे सांगितलंय तिथं आता माझं नाव सांगा. त्या "बघू" म्हणाल्या. म्हणून आज सकाळी श्रीगोंद्याच्या साहेबांना, राहुरीला, कोपरगावला, सगळ्यांना मीच फोन केले. एकानं मधेच ठेवून दिला.

पण त्याआधी काल मी खालच्या वस्तीला जाऊन आले.

नगरच्या माळीवाडा स्टँडवरून शेवगावची गाडी, तिथून पुढं रिक्षा, मग कपाशीतून चालत. भाऊसाहेब घरापुढं बाजेवर बसले होते. माणूस वाळलेला, डाव्या हाताला पट्टी. त्यांच्या बायको लीलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, नगरहून आले, संगणकवाल्या सरांच्या ऑफिसातून.

"त्ये सोता न्हाई आले व्हय?" भाऊसाहेब म्हणाले. "या रयवारी यायचे हुते. दर दुसऱ्या रयवारी येत्यात. म्हनलं, कटाळला आसंल बाबा शिव्या खाऊन."

दर दुसऱ्या रविवारी. सर, मला वाटत होतं तुम्ही एकदाच गेला होतात. रविवारी फोन केला की काकू म्हणायच्या, बाहेर गेलेत. मी कधी विचारलं नाही, कुठं.

मी सांगितलं, सर गेले. लीलाबाईंचे हात थांबले. भाऊसाहेबांनी नुसतं "कवा?" विचारलं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे सांगू लागले. तुम्ही यायचात, त्या अंगणातल्या दगडावर बसायचात. आत बोलावलं नाही म्हणून दगडावर. रिपोर्ट बघायचात, आकडे वहीत लिहून घ्यायचात, मशीनची तारीख हुकली असेल तर नगरला फोन लावायचात. "आन मी त्यांला बोलायचो. लई बोलायचो. आईबापावरनं. तुज्या मशिनीनं माजं वाटुळं केलं म्हनायचो. खाली मुंडी घालून आयकायचे आन उठून जायाचे. पुन्यांदा हजर."

तिथं मी सांगितलं. उभ्या उभ्या. म्हटलं, सरांनी लिहिलेलं बरोबर होतं. त्यात तुमची वस्ती छापली जायची. मी ते काढलं. दोन पाकिटं सारखी झाली ती माझ्यामुळं.

कपाशीत कुणीतरी पंप चालू केला.

"मंग त्यांनी का न्हाई सांगितलं?"

"माहीत नाही."

"तुमी का न्हाई सांगितलं?"

"भ्याले."

मी वाट बघत होते. सर, मी शिव्या खायला गेले होते, तयारीनं गेले होते, त्या मला हव्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "तुमाला काय बोलू बाई? माज्या शिव्या समद्या त्यांच्यावर सपल्या. आता त्या कुटं माघारी घिऊ?" आणि पट्टीचा हात मांडीवर ठेवून तोंड दुसरीकडे केलं.

लीलाबाई शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. "येवढ्या लांबून यायचा तो मानूस," त्या म्हणाल्या. "आठ म्हयने. एकदा बी घोटभर च्या न्हाई दिला आमी त्यांला."

त्या आत गेल्या. चूल फुंकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कपबशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, नको, मी कशी घेऊ. त्यांचा हात मागं गेला नाही.

"धरा," त्या रागानंच म्हणाल्या. "तुमचा न्हाई ह्यो. त्यांचा हाय."

मी त्या दगडावर बसून तो प्यायले, सर.